निळ्या रंगाखालचा टोप

मित्रांनो, मी एक जुना पोलादी टोप आहे. भाताचा नव्हे, शिपायाच्या डोक्यावरचा. कारखान्यात मला घडवलं आणि अंगाला हिरवा रंग दिला. हवालदार पिराजीच्या डोक्यावर चढलो तेव्हा मला कोण अभिमान वाटला होता.

१९६१ साली आफ्रिकेतल्या एका देशात जायचा हुकूम आला. तिथे आपसात लढाई जुंपली होती आणि साऱ्या जगाच्या वतीनं आम्ही ती थांबवायची होती. निघताना मला घाईघाईनं निळा रंग फासला. निळा म्हणजे शांततेचा, असं साहेब म्हणाले. टोपाला कोण विचारतो?

आधी हुकूम होता, गोळी झाडायची नाही. आमच्या डोळ्यांदेखत एक वस्ती जळाली आणि आम्ही हात बांधून उभे राहिलो. मग हुकूम फिरला, शांतता बळानं आणा. एका घरातून गोळ्या येत होत्या, म्हणून पिराजीनं त्यावर तोफगोळा टाकला. बंदूकवाले मागच्या दारानं पळाले. आत चुलीपाशी एक बाई मरून पडली होती. इकडे आड, तिकडे विहीर, आणि बुडाली ती. हुकूम सोडणारे कोरडेच. आजही आठवलं की संतापानं माझं पोलाद तापतं.

पोचा पडला म्हणून मी बाद ठरलो. पिराजीनं मला मागून घेतलं आणि नोकरी सोडून बेंगळुरात, मल्लेश्वरमच्या खोलीत खुंटीला टांगलं. पण तो बायकोशीही बोलेना. यल्लव्वा भाकरी वाढायची, तो ताट सरकवून उठायचा. तिचा संसार त्या मुकेपणानं मोडायला आला होता.

दसरा जवळ आला तसे मराठी मंडळाचे अप्पासाहेब घरी आले. खंडेनवमीला शस्त्रांच्या पूजेत मला मांडायचं त्यांनी परस्परच ठरवलं होतं. म्हणाले, "पिराजी अण्णा, हे शांततेचं शस्त्र. तुम्ही स्वल्प दोन शब्द बोला की." शांततेचं शस्त्र म्हणे! खुंटीवरून त्यांच्या पायावर पडावं असं मला वाटलं, दाणकन.

पूजेची भांडी घासतात तसं यल्लव्वानं मला राख आणि काथ्यानं घासलं. निळ्याचे पोपडे निघाले, खालचा हिरवा उघडा पडला. ती घाबरली. "घासाया गेले, तर रंगच गेला की ओ."

पिराजीनं मला मांडीवर घेतलं. "जाऊ दे. ह्योच खरा रंग." आणि मग तो बोलतच राहिला. शेवटी म्हणाला, "तिच्या हाताला पीठ होतं, यल्लव्वा. तुझ्यावाणी."

ती खूप रडली. खंडेनवमीच्या सकाळी अप्पासाहेब मला न्यायला आले, तेव्हा दारातच तिनं सांगितलं, "टोप पूजेला यायचा न्हाई." घरातल्या पाटावर तिनं भाकरीची परात मांडली आणि नाव ठाऊक नसलेल्या त्या बाईसाठी परातीवर हळदकुंकू वाहिलं. त्या दुपारी पिराजी पोटभर जेवला.

मित्रांनो, कुणाची वस्ती जळत असेल तर नुसते बघत उभे राहू नका. जायचं तर बंदूक घेऊन जा. पण मला पुन्हा निळा रंग फासू नका, आणि गोळा टाकण्याआधी विचारा, चुलीपाशी कोण बसलंय.