कुणी ओ देईना

अणदूरच्या धोंडप्पाच्या घरात सुनेला, नागम्माला, दिवसभर हाका. सासू सिद्धम्माची हाक सगळ्यांत वरची. पण लिंगायताच्या घरात तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसलेल्या माणसाला कुणी उठवत नाही, आणि नागम्माची पूजा हल्ली लांबत चालली होती.

त्या दिवशी धोंडप्पानं निजामाच्या गिरदावराला, महसुलाच्या साहेबाला, घरात न सांगताच जेवायला आणलं. ओसरीवरून तो ओरडला, "भाकऱ्या टाका!"

नागम्मानं गळ्यातलं लिंग हातावर घेतलं.

सिद्धम्मा फणकारत आली. "सटवे, ही पूजा न्हाय, कामचुकारपणा हाय!"

"व्हय, आत्याबाई," नागम्मा डोळे मिटूनच म्हणाली. "दिसभरात एवढाच येळ माझा हाय. घ्या हिसकावून."

बाहेरून धोंडप्पा गरजला, "अगं ए म्हातारे, मेलीस काय?"

सिद्धम्मा लालबुंद झाली. "सरक तिकडं!" ती सुनेवरच खेकसली, शेजारी फतकल मारून बसली आणि तिनं आपलं लिंग हातावर घेतलं. "तुझी माया आली म्हणून बसले न्हाय. ह्यांच्या हाकांनी माझं कान किटल्यात."

धोंडप्पा तणतणत दारात आला. चूल थंड होती आणि दोघींचे डोळे मिटलेले. तोंडात आलेली शिवी त्यानं गिळली. त्या दुपारी त्याच्या पोटात गेलं ते तेवढंच.