येताना समुद्र

सुगंधाने नकाशावर रेवदंड्याच्या जागी चवळीचा एक दाणा ठेवला, दुसरा कोर्लईवर आणि तिसरा आगरदांड्याच्या धक्क्यावर, जिथून गाड्या बोटीने खाडीपार जातात. मग केळशी, आंजर्ले, हेदवी, तवसाळ. शेवटचा दाणा विजयदुर्गावर ठेवून ती खुर्चीत मागे रेलली. मुलुंडच्या त्या छोट्या घरातलं जेवणाचं टेबल नकाशाने पुरतं झाकलं गेलं होतं. पंख्याच्या वाऱ्याने कागद उडू नये म्हणून एका कोपऱ्यावर मिठाची बरणी होती आणि दुसऱ्यावर तिचं नवंकोरं लायसन्स. लायसन्सचं वजन ते कितीसं, पण ते तिथे मुद्दामच ठेवलेलं होतं.

धोंडू डोळ्यांत औषधाचे थेंब घालून बाहेर आला आणि टेबलापाशी थांबला.

"ह्या काय?"

"आमचो रस्तो."

तो वाकून बघू लागला. उजवीकडचं नीट दिसावं म्हणून त्याला आता सगळी मानच वळवावी लागे.

"ह्यो हायवे नाय."

"म्हायत आसा माका. किनाऱ्यान जावचा. वाटेत रवत रवत, पाच दिवसांत."

"पाच दिवस? रातराणी अकरा तासांत पोचता."

रातराणी म्हणजे त्याची गाडी. मुंबई ते विजयदुर्ग एसटी त्याने एकतीस वर्षं चालवली. संध्याकाळी निघायची, सकाळी पोचायची, दिवसभर खिडकी लावून झोप काढायची आणि संध्याकाळी परत मुंबईची वाट. कशेडी घाटातली वळणं तो आजही बोटांवर मोजून दाखवील, पण त्या घाटाखाली दरीत भातशेती आहे की नुसतं रान, हे त्याला ठाऊक नव्हतं. हेडलाइटचा उजेड पोचेल तेवढंच कोकण त्याने पाहिलं होतं.

आणि सुगंधाने पाहिली होती त्याची मान. दर मे महिन्यात आणि दर गणपतीला ती पासावर त्याच्याच गाडीने गावी जायची, बरोबर त्याच्या मागच्या सीटवर बसून. वर पाटी होती, 'वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये.' लग्नाच्या पहिल्या वर्षी तिने महाडजवळ हळूच "चहा घेणार?" एवढंच विचारलं होतं. त्याने "हो" म्हटलं ते थेट पोलादपूरच्या थांब्यावर, गाडी बंद करून खाली उतरल्यावर. तिने पुन्हा कधी विचारलं नाही.

दोन वर्षांपूर्वी काचबिंदू निघाला. उजव्या डोळ्याची कडेची नजर गेली ती गेलीच. समोरचं आणि डावीकडचं चांगलं दिसत होतं, आणि थेंब नेमाने घातले तर ते टिकेल असं डॉक्टर म्हणत. किती दिवस, हे मात्र ते सांगत नसत. धोंडूने कुणी सांगायची वाट पाहिली नाही. अर्ध्या नजरेने स्टेअरिंग धरणं त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं. स्वतःचं लायसन्स त्याने कपाटात ठेवून दिलं आणि तो विषय संपवला.

लेकीची, ऋतिकाची, जुनी गाडी बिल्डिंगखाली उभी असे. ऋतिकाची बदली हैदराबादला झाली आणि गाडीवर धूळ साचायला लागली, तेव्हा एकोणसाठाव्या वर्षी सुगंधाने मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये नाव घातलं. घरी कुणाला सांगितलं नाही. शिकवणारे चंद्रप्रकाश तिला 'मावशी' म्हणत आणि चढावर गाडी बंद पडली की देवाचं नाव घेत. दोन महिन्यांपूर्वी लायसन्स पोस्टाने आलं. धोंडूने ते दोन्ही बाजूंनी वाचलं, तिच्यासमोर ठेवलं आणि आज भाजी कसली आहे ते विचारलं. तेवढंच. ते तेवढंच तिला अजून टोचत होतं.

"बोटीत गाडी रिव्हर्स घालूक लागता," नकाशावरच्या आगरदांड्याच्या दाण्यावर बोट ठेवत तो म्हणाला. "खाली उतार, बाजूक पाणी. तुका जमतला?"

"जमतला."

"मगे ऋतिकाक सुट्टी काढूक सांग. तिका घेवन जा."

सुगंधा दाण्यांकडे बघत राहिली. ऋतिकाला न्यायचं असतं, तर नकाशा विकत कशाला आणला असता? तिला कोकण बघायचं नव्हतं, त्याला दाखवायचं होतं. त्याची नजर आहे तोवर, दिवसाउजेडी.

"तुमी येवचे नसाल तर मी खयच जावची नाय," ती म्हणाली. "रविवारी उत्तनापर्यंत चला. माझी गाडी बघा. मगे काय ता सांगा."

धोंडूने बराच वेळ नकाशा न्याहाळला.

"बरा," तो म्हणाला.

नकाशा टेबलावर तसाच राहिला आणि धोंडू येताजाता त्याच्यापाशी थांबू लागला. शनिवारी ऋतिकाचा फोन आला, तेव्हा ती पोट धरून हसली.

"आई, वाट लागली तुझी! कानात बोळे घालून बस. मी चालवायचे ना, तेव्हा दर शंभर फुटांवर बाबांची ऑर्डर. आरसा बघ, क्लच सोड, हॉर्न कशाला मारतेस. ऐरोलीच्या पुलावर मी म्हटलं होतं त्यांना, बाबा, आता उतरा नाहीतर मी उतरते."

रविवारी सकाळी सातला ते निघाले. धोंडू इस्त्रीचा शर्ट घालून डाव्या सीटवर बसला, पट्टा लावला आणि हात गुडघ्यांवर ठेवले. सुगंधा पहिल्या ऑर्डरची वाट बघत राहिली. ठाणं गेलं, घोडबंदर रोड लागला, तरी त्याचं तोंड उघडलं नाही.

गायमुखच्या चढावर पुढचा ट्रेलर थांबला आणि तिची गाडी बंद पडली. मागून हॉर्नचा भडिमार सुरू झाला. आता बोलतील, निदान आता तरी, असं वाटून तिने तिरक्या नजरेने पाहिलं. तो समोर बघत होता. तिने हँडब्रेक ओढला, गाडी सुरू केली, क्लच अगदी सावकाश सोडला. गाडी एक तसूही मागे न जाता चढ चढून गेली. तरीही शेजारून अक्षर नाही.

भाईंदर मागे पडलं तसा तिचा धीरही सुटत चालला. माणूस ओरडतो तो आशा असते म्हणून, तिला वाटलं. ह्यांनी मनातून केव्हाच ठरवलेलं दिसतंय. उत्तनच्या पुढे रस्ता गोराईकडे वळला आणि उजव्या हाताला समुद्र आला. तो कसा होता ते तिला कळलंच नाही, कारण समोरून एक टेम्पो येत होता आणि तिचं सगळं लक्ष त्याच्यावर होतं.

बांबूंवर बोंबील वाळत घातले होते, त्या मैदानाजवळ तिने गाडी कडेला घेतली आणि बंद केली.

"तुमी एक शब्द बोललास नाय," ती म्हणाली. "ऋतिकाक निदान ओरडतास तरी. माझी गाडी काय ओरडण्याच्याही लायकीची नाय?"

धोंडूने चकित होऊन तिच्याकडे मान वळवली.

"गाडी चालू होती मगे."

"म्हणजे?"

"चालू गाडीत डायवराशी बोलाचा नाय."

"आणि ऋतिकाशी बोललेला चलता?"

"ता शिकता आसा अजून."

सुगंधाला हसू आलं आणि डोळेही भरून आले. दोन्ही एकदम आल्यामुळे तिने उगाचच पदराने आरसा पुसला. धोंडूने त्याच्या पद्धतीने तिला सावरायला वेळ दिला, मग घसा खाकरला.

"पण तुझो रस्तो उलटो आसा."

"उलटो? चुकला काय?"

"आता कसो इलंव बघ. दर्यो सगळो तुझ्या बाजूक. तू रस्तो सोडून बघूक शकत नाय, आणि माका त्या बाजूचा दिसना नाय. मगे बघतलो कोण?" त्याने डावा हात खिडकीबाहेर काढला. "हायवेन जाव्या आणि किनाऱ्यान परत येव्या. येताना दर्यो माझ्या बाजूक. दाणे तसेच ठेव. फक्त खालसून वर मोज."

चार दिवस हा माणूस नकाशासमोर उभा राहत होता, ते हे गणित मांडत.

"बोटीत रिव्हर्स?" तिने विचारलं.

"गायमुखाक बघितलंय मी," तो म्हणाला. "जमतला."

तिने गाडी सुरू केली आणि तोंड परत उत्तनच्या दिशेने वळवलं. आता समुद्र डावीकडे होता. धोंडू पट्टा लावून, हात गुडघ्यांवर ठेवून पुन्हा गप्प बसला. तिने थोडा वेळ वाट पाहिली.

"ह्या गाडीत पाटी नाय हा," ती म्हणाली.

एक वळण गेलं, दुसरं गेलं. मग त्याने खिडकीची काच पूर्ण खाली केली.

"एक निळी होडी आसा," तो म्हणाला. "पांढऱ्या पट्ट्याची. आत कोणतरी उभो आसा, जाळा ओढता."

"खय?" तिची मान वळू लागली.

"तू रस्तो बघ गो," धोंडू म्हणाला. "मी सांगतंय."