जोडगोळी

"इथं नाही, मास्तरीणबाई. तुम्ही आजपासून तिकडं, खिडकीपाशी. काजं-बटणं."

मालकांच्या जावयाने हे खाली बघतच सांगितलं. तिच्या कापायच्या टेबलापाशी तो उभा होता आणि कापडाच्या थरांवर त्याने असा हात ठेवला होता, जणू ते उडून जातील.

शाळांचे गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात ती वीसेक वर्षं कापड कापत होती. कापणाऱ्या पुरुषाला मास्तर म्हणतात, म्हणून ती मास्तरीणबाई. तिचं तोंड सगळ्यांना ठाऊक होतं. एकदा विटका माल पाठवणाऱ्या व्यापाऱ्याला तिने जिना उतरून रस्त्यावर जाईपर्यंत सोडलं नव्हतं.

"का?" तिने विचारलं.

"सासऱ्यांनी सांगितलंय. ती नवीन गोळी सुरू झालीय ना तुमची... कटर धारदार आहे. उद्या काही झालं तर कोण निस्तरणार?"

शिवणाऱ्या बायकांनी मशिनी थांबवल्या. आता जुंपणार! पण मास्तरीणबाईने आपला डबा उचलला, खिडकीपाशी जाऊन बसली आणि सुईत दोरा ओवला. मशिनी पुन्हा सुरू झाल्या, जरा हळूच.

घरी मुलीने हे ऐकलं आणि तिचा संताप झाला. दाताच्या दवाखान्यात काम करणारी ही मुलगी नुकतीच घरी येऊन स्वयंपाकाला लागली होती.

"मालकांना गोळीचं कोणी सांगितलं? मामानेच ना?"

"काळजीपोटी सांगितलं असेल त्याने."

"आणि तू गप्प बसलीस? भांडली का नाहीस आई?"

"भांडायला आत काहीतरी लागतं गं," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

हे असं आतून रिकामं वाटणं तीन वर्षं चाललं होतं. नवरा जाऊन खूप काळ लोटला होता, ते दुःख तिने कधीच पचवलं होतं. नवीन काही घडलंही नव्हतं. एका सकाळी तिला उठवेना, एवढंच. गल्लीतल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी एक गोळी दिली आणि सांगितलं, "मन रमवा. चांगले विचार करा." पुढच्या खेपेला तीच गोळी, तेच वाक्य. त्याच्या पुढच्या खेपेलाही. गोळी लागू पडत नाही, हे ती सांगायची आणि ते म्हणायचे, "धीर धरा." खोकल्याचं औषध लागू पडलं नाही तर दोन दिवसांत बदलून देणारा माणूस! मनाच्या दुखण्याला मात्र त्याने वर्षानुवर्षं धीर लिहून दिला. आणि ती धरत राहिली, कारण दुसरं काही असतं हे तिला कोणी सांगितलंच नाही.

शेवटी मुलीनेच तिला मोठ्या दवाखान्यातल्या मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी गोळी बदलली, डोस हळूहळू वाढवला, वाट पाहिली. झोप सुधारली. ती कामावर नियमित जाऊ लागली. पण घास गिळावा तसा दिवस गिळायचा. चव कशालाच नाही.

"या गोळीने थोडं काम केलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "ती काढली तर तेवढंही जाईल. म्हणून तिला दुसऱ्या औषधाची जोड देऊ या, अगदी लहान डोस. हे औषध मोठ्या डोसमध्ये दुसऱ्या आजारांना देतात. कुठं वाचलंत तर घाबरू नका. पाय वळवळले, स्वस्थ बसवेना, तर मला लगेच कळवायचं."

"म्हणजे जोडगोळी झाली," ती म्हणाली होती. मुलगी हसली, डॉक्टरीणबाईही हसल्या. तिला स्वतःला हसू आलं नव्हतं.

घाबरला तो तिचा थोरला भाऊ. त्याने मोबाइलवर गोळीचं नाव शोधलं आणि तडक घरी आला. "अगं, ही वेड्यांना देतात! एक गोळी पुरत नाही म्हणून दोन? उद्या तीन होतील. मनाची ताकद वाढव." आणि तिथून तो परस्पर कारखान्यात जाऊन मालकांच्या कानावर घालून आला.

नशीबही असं, की ती गोळी तिला सोसली नाही. आठवड्याभरातच तिचे पाय ऐकेनात. बसली की उठावं वाटे, उठली की चालावं वाटे. या खोलीतून त्या खोलीत ती नुसती फेऱ्या घाली.

"बघ," भाऊ म्हणाला. "मी सांगत होतो की नाही?"

एरवी असंच होतं. एक औषध सोसलं नाही की घरातले जिंकतात आणि माणूस हरतो. मुलीने मामाशी वाद घातला नाही. तिने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी दुसऱ्याच दिवशी बोलावलं.

"ही त्या औषधाची खोड आहे, तुमची नाही. बंद करू या," त्या म्हणाल्या. "आता लिथियमची जोड देऊन पाहू. औषध जुनं आहे, पण त्याच्यावर नजर ठेवावी लागते. अधूनमधून रक्त तपासायचं, पाणी भरपूर प्यायचं. मला विचारल्याशिवाय अंगदुखीच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत. हात फार थरथरले, उलट्या-जुलाब झाले, तर थेट इकडं यायचं."

"आणि हेही नाही चाललं तर?" तिने विचारलं.

"तर पुढचं पाहू. अजून वाटा आहेत. नाही चाललं, तर औषध हरलं असं म्हणायचं, तुम्ही नाही."

एवढं एक वाक्य. तीन वर्षांत ते कोणाच्याही तोंडून निघालं नव्हतं.

महिना गेला, वर काही दिवस गेले. काही चमत्कार झाला नाही. मग एका दुपारी जावयाने कापलेले चौकडीचे शर्ट शिवायला आले. एकाचीही चौकडी जुळत नव्हती. पुढचा डावा भाग वर, उजवा खाली. शिवणारी बाई रडकुंडीला आली होती. मास्तरीणबाईने तुकडे हातात घेतले.

"वरचे थर सरकलेत. पसरताना चिमटे लावले नाहीत," ती म्हणाली.

"मास्तरीणबाई," जावई हसत म्हणाला, "आजची गोळी घेतली ना?"

दोन-तीन जणी हसल्या. सवयीने, वाईट मनाने नव्हे.

आणि तिच्या आतून काहीतरी वर आलं. ते काय आहे हे तिला क्षणभर ओळखताच आलं नाही, इतक्या दिवसांनी ते भेटत होतं.

"घेतली," ती उठून उभी राहिली. "दोन घेतल्या. तुझे सासरेही रक्तदाबाच्या दोन घेतात. एकीने भागेना म्हणून डॉक्टरने दुसरी वाढवली, तेव्हा त्यांना खुर्चीवरून उठवून बटणं लावायला बसवलंस का रे? माझं काय चुकलं ते दाखव. एक तुकडा दाखव मी वाकडा कापलेला! आजारी होते तेव्हाही रेघ सोडली नाही मी. आणि तू धडधाकट असून हे असं कापतोस?"

तिने ते तुकडे त्याच्या हातात दिले आणि खिडकीपाशी परत जाऊन बसली. तिचे कान तापले होते. पुढच्या खेपेला तिने डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं, जरा भीतभीतच.

"राग येतोय मला. फार येतोय. औषधाने असेल का?"

त्यांनी नीट चौकशी केली. झोप लागते का, पाय वळवळतात का, डोक्यात विचार पळतात का, उगाच कोणावरही चिडता का. मग विचारलं, "राग कोणाकोणाचा येतो?"

तिने सांगायला सुरुवात केली. जावयाचा. मालकांचा. धीर धरायला लावणाऱ्या डॉक्टरांचा. भावाचा, ज्याने काळजीच्या नावाखाली बहिणीचं दुखणं बाजारात नेलं. बोलता बोलता ती रडू लागली.

"हा राग योग्य जागी आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "राहू दे."

ती मालकांकडे गेली. "माझं टेबल मला परत हवं," म्हणाली.

"बघू या."

"बघायचं काय? कटर चालवू का, हे मी डॉक्टरीणबाईंना विचारलंय. त्या चालवा म्हणतात. तुम्हाला नको असेन तर तोंडावर सांगा, गोळीमुळे काढलं म्हणून. सगळ्यांसमोर सांगा."

मालकांनी ते सांगितलं नाही. चुकलं असंही म्हटलं नाही. हंगाम डोक्यावर आला आणि वाया गेलेल्या चौकडीचा ढीग वाढला, तेव्हा जावई आपोआप मालकांच्या गणवेशाच्या दुकानात गल्ल्यावर बसू लागला आणि टेबल तिच्याकडे आलं, इतकंच. भाऊ अजून अधूनमधून विचारतो, "त्या गोळ्या कधी सुटणार?" ती म्हणते, "तुझ्या मधुमेहाच्या सुटल्या की कळव."

टेबलावर परतल्यानंतरच्या सुट्टीच्या दिवशी ती स्वयंपाकघरात गेली. मुलगी भाजी चिरत होती. आईने तिच्या हातातून सुरी काढून घेतली.

"बाजूला सर. आज मी करते."

"राहू दे आई, होतच आलंय."

"बस म्हटलं ना."

मुलगी स्टुलावर बसली. तिला बसता येईना. उठली, ओट्यावरचं फडकं उचललं, पुन्हा ठेवलं, पुन्हा बसली. तीन वर्षांपूर्वी, शाळा संपल्या संपल्या, तिने या ओट्याचा ताबा घेतला होता आणि आता रिकाम्या हातांचं काय करायचं, हे तिला कळत नव्हतं.

आईने कढई चढवली, तेल घातलं, भाजी परतली. मग फळीवरचा एक डबा उघडला, झाकला. दुसरा उघडला, झाकला. तिसऱ्यापाशी हात थांबला. तिने वळून मुलीकडे पाहिलं.

"मीठ कुठं ठेवतेस गं तू?"