भिमाबाईच्या घराची चौकट

पहिले दोन दिवस अनुपमाने विचारलंसुद्धा नाही की घर कोणाचं आहे. विटा ट्रॉलीतून उतरवायच्या, टाकीत भिजवायच्या आणि भिजल्या की कारभारी मिस्त्रीच्या हाताशी नेऊन रचायच्या. एवढं कळलं की पुरे होतं.

तिला इथे आणलं होतं तिच्या नणंदेने, रेणुकाने. रेणुका लोणारला शिवणक्लास चालवायची. मागच्या पावसाळ्यात लोणारजवळच्या या खेड्यात नाल्याचं पाणी शिरून सात घरं पडली होती. एका संस्थेने ती बांधून द्यायचं मनावर घेतलं. सामान संस्थेचं, मिस्त्री संस्थेचा, आणि हाताखाली स्वतःहून येतील ती माणसं. रेणुकाने मे महिन्याच्या यादीत स्वतःचं नाव दिलं आणि न विचारता वहिनीचंही टाकलं. अनुपमा मेहकरला शाळेत शिक्षिका होती. सुट्टी लागलेली. "घरात बसून तरी काय करता, वहिनी," रेणुका म्हणाली, तेव्हा अनुपमाने मुकाट्याने पिशवी भरली आणि तिच्याकडे लोणारला राहायला आली. नाही म्हणायलाही थोडी ताकद लागते. ती तिच्याजवळ नव्हती.

तिच्या नवऱ्याला, जीवनला, जाऊन नऊ महिने झाले होते. सकाळी दाढी करता करता तो आरशासमोर खाली बसला आणि उठला नाही. बेचाळीस वर्षांचा होता. तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं आणि सगळे अनुपमाच्या रडण्याची वाट पाहत होते. ती रडली नाही. पंधराव्या दिवशी शाळेत गेली, हजेरी घेतली, फळ्यावर तारीख लिहिली. तेव्हापासून तसंच चाललं होतं. जेवण पोटात जायचं, पण भाजीत मीठ आहे की नाही ते कळायचं नाही.

तिसऱ्या दिवशी ट्रॉलीतून एक वीट सुटून तिच्या पायावर पडली. तिने ती उचलली आणि टाकीत टाकली. तासाभराने एक म्हातारी तिच्यासमोर येऊन उभी राहिली. साठीची, काटक, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. सकाळपासून तीही सगळ्यांबरोबर वाळू चाळत होती.

"मॅडम, चप्पल काढा बरं."

अनुपमाने खाली पाहिलं. अंगठ्याचं नख काळंनिळं झालं होतं आणि चप्पल रक्ताने चिकट झाली होती.

"दुखत नाई काय?"

"दुखत असेल," अनुपमा म्हणाली.

 म्हातारीने हात धरून तिला पत्र्याच्या शेडमध्ये नेलं, पाय धुतला, हळद दाबली, जुन्या लुगड्याची पट्टी बांधली. शेडमध्ये एक ट्रंक, दोन गाठोडी, आणि खिळ्याला टांगलेला बाबासाहेबांचा फोटो होता. फोटोच्या खालच्या कडेला पाण्याचा डाग चढलेला होता.

"हे घर तुमचंच का?" अनुपमाने विचारलं.

"हाव. भिमाबाई म्हणते मले सारे. भीत पडली तवा मी बकरी सोडाले भायेर गेली होती. बकरी वाचली, मी वाचली. फोटो गाळातून काढला." ती पट्टीला गाठ मारत होती. "बुद्ध पौर्णिमेले नव्या घरात जायचं हाय. मिस्त्री म्हणते, होईल तवर."

पौर्णिमेला तेव्हा बारा दिवस होते. भिंती कमरेच्या वर आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी संस्थेचा टेम्पो दरवाजाची सिमेंटची चौकट घेऊन आला. उतरवताना पाहिलं तर एक बाजू मधोमध तडकलेली. नुसत्या सळईवर लोंबत होती. कारभारी मिस्त्रीने फोन लावला. दुसरी चौकट यायला दहा दिवस लागतील, असं उत्तर मिळालं.

"मंग पौर्णिमा हुकली," मिस्त्री म्हणाला. "चौकट उभी झाल्याबिगर समोरची भीत वर नेता येत नाई. भीत नाई तर पत्रे कशावर टाकू?"

 भिमाबाई चाळणीकडे परत गेली आणि वाळू चाळू लागली.

अनुपमा तिच्याकडे पाहत उभी होती. तिला वाईट वाटलं असं नव्हतं. वाईट वाटायला हवं, इतकंच समजत होतं. मग आपलाच आवाज तिला ऐकू आला.

"माझ्याकडे चौकट आहे. सागाची. मेहकरला सुताराकडे पडून आहे."

रेणुका हातातलं घमेलं घेऊन तशीच थांबली.

ती चौकट जीवनने करून घेतली होती. मेहकरला त्यांचा छोटा प्लॉट होता. जोतं झालं होतं, खांब उभे राहिले होते, आणि बाकी काही व्हायच्या आधी त्याने पुढच्या दाराचं लाकूड निवडून सुताराकडे टाकलं होतं. तो गेल्यावर काम थांबलं. सुताराचे फोन यायचे, चौकट घेऊन जा, जागा अडून राह्यली. ती म्हणायची, पाहू.

रेणुकाने तिला टाकीमागे ओढून नेलं.

"वहिनी, काय बोलता तुम्ही? दादा त्या लाकडासाठी तीन वेळा हिंडला होता. मी होते सोबत."

"माहीत आहे."

"मग देऊन कशी टाकता? तुमचं घर?"

"मला ते घर दिसत नाही, रेणू. मी खूप प्रयत्न करते. खांब दिसतात. पुढचं काही दिसत नाही."

"आज दिसत नसेल. उद्या दिसेल."

"तेव्हा दुसरी घेईन."

रेणुकाचा चेहरा लाल झाला होता. पण दुसऱ्या दिवशी टेम्पोत ड्रायव्हरशेजारी तीच आधी चढून बसली.  मेहकरला सुताराने चौकटीवरची धूळ फडक्याने पुसून दिली आणि जीवनरावांच्या हाताला लाकडाची पारख होती, असं म्हणाला. अनुपमाने मान हलवली.

खेड्यात आल्यावर मिस्त्रीने टेप लावला आणि डोक्यावरची टोपी काढून डोकं खाजवलं.

"मॅडम, ही तर दोन फळ्यांच्या दाराची हाय. चार फूट रुंद, साडेसात उंच. आपला दाराचा गाळा तीन बाय साडेसहाचा."

"मग?"

"मंग काय. कापा लागंल. नाईतर भीत तोडा लागंल, ते दोन दिवसाचं काम. पण असल्या सागाले आरी लावाले माहा हात नाई होत. तुमीच सांगा."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. भिमाबाई पुढे आली. "ऱ्हाऊ द्या, मॅडम. पौर्णिमा काय, पुढच्या महिन्यात बी येते."

"कापा," अनुपमा म्हणाली.

मिस्त्रीने खुणा केल्या. आरी चालू लागली. भुसा पिवळा, बारीक, आणि त्याचा वास सगळ्या आवारात पसरला. अनुपमा चौकटीचं दुसरं टोक हलू नये म्हणून दाबून धरून बसली होती. लाकडाची थरथर तिच्या तळहातातून कोपरापर्यंत येत होती. ती जीवनचा चेहरा आठवून पाहत होती, आणि तिला फक्त अर्धी दाढी झालेला गाल आठवत होता.

वरचा तुकडा खाली पडला. रेणुकाने तो उचलून उलटा केला. आतल्या बाजूला पेन्सिलने लिहिलेलं होतं, जीवनच्या तिरक्या अक्षरात: पुढचं दार, ७॥ फूट, घाई नको. सुतारासाठी लिहिलं असणार.

रेणुका तो तुकडा छातीशी धरून मटकन विटांच्या ढिगावर बसली आणि हुंदके देऊन रडू लागली. नऊ महिन्यांत ती अनेकदा रडली होती, पण असं नाही. मिस्त्री आरी ठेवून दुसरीकडे बघू लागला. अनुपमा उठली. नणंदेजवळ बसली, तिच्या पाठीवर हात ठेवला.

"तुम्ही काऊन नाही रडत, वहिनी?" रेणुका म्हणाली. चिडून नाही, थकून. "मला राग येतो तुमचा. खरं सांगते."

"येऊ दे," अनुपमा म्हणाली. "मलाच माहीत नाही, रेणू. मी वाट पाहते. येत नाही."

रेणुकाने नाक पुसलं. तो तुकडा तिने मागितला नाही. तसाच पिशवीत ठेवून दिला.  अनुपमाने झाडू घेतला आणि भुसा गोळा करून एका पोत्यात भरला.

चौकट त्याच संध्याकाळी उभी राहिली. त्यानंतर आठव्या दिवशी पत्रे चढले. पौर्णिमेला सकाळी भिमाबाई पांढरं लुगडं नेसून आली. गावातली माणसं जमली, वंदना झाली, फोटो नव्या भिंतीवर लागला. दरवाजाला अजून फळी नव्हती, पडदा लावला होता. खीर वाटताना कोणीतरी विचारलं, एवढी भारी चौकट कोणी दिली.

"या मॅडमच्या मालकानं," भिमाबाई म्हणाली.

अनुपमाच्या हातात खिरीची वाटी होती. तिने ती खाली ठेवली, पुन्हा उचलली.  ती चौकटीला टेकून उभी राहिली. शेजारी रेणुका येऊन उभी राहिली, तेव्हा अनुपमाने तिच्या वाटीत आपली अर्धी खीर ओतली. रेणुकाने खाल्ली.

दोघी निघाल्या तेव्हा कारभारी मिस्त्री हात धूत होता. "उद्यापासून पलीकडचं घर धरतो. कोण कोण हाय?"

"मी आहे," अनुपमा म्हणाली.

"लोणारवरून सातची बस हाय," रेणुका म्हणाली. "मी उठवीन वहिनीला."

आठ दिवसांनी पलीकडच्या घराचं जोतं झालं, तेव्हा मिस्त्रीने तिला टाकीपाशी जाऊ दिलं नाही. हातात थापी दिली आणि दोरी ताणून दाखवली. "ही रांग तुमची. विटेचा काठ दोरीले लागला नाई पायजे, अन् दूरबी गेला नाई पायजे."

तिने पाच विटा लावल्या. मिस्त्री आला, वाकून पाहिलं आणि तीन काढायला लावल्या. तिने काढल्या, खालचा सिमेंटचा मसाला खरवडला, नव्याने पसरला, पुन्हा लावल्या. ऊन डोक्यावर आलं होतं. दुसऱ्यांदा त्याने एक काढायला लावली. तिने ती हळूहळू ठोकत बसवली. तिसऱ्यांदा तो आला, दोरीवरून एक डोळा मिटून पाहिलं आणि तसाच पुढच्या कोपऱ्याकडे गेला. अनुपमाने सहावी वीट उचलली.