भरतीचा आकडा

निकेतने मोजणीच्या दुर्बिणीला डोळा लावला आणि हात हलवून खूण केली. खाली खाडीच्या कडेला, चिखलात पाय रोवून उभ्या असलेल्या काशीनाथांनी, त्याच्या वडिलांनी, मोजपट्टी सरळ केली. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण पट्टी धरावी तर त्यांनीच.

"भेटला का आकडा?" त्यांनी खालून ओरडून विचारलं.

"भेटला, अण्णा. या वर."

आकडा इतका चांगला होता की निकेतने तो दोनदा तपासला. ऐन भरतीचं पाणी जमिनीच्या साडेतीन मीटर खाली! त्याने तिथूनच तो ऑफिसला पाठवून दिला.

परदेशातल्या एका कंपनीला डेटा सेंटर उभारायचं होतं. हजारो कॉम्प्युटर अष्टौप्रहर चालू ठेवायची एक अवाढव्य इमारत. त्यासाठी त्यांनी भारत, व्हिएतनाम आणि इंडोनेशिया असे तीन देश निवडले होते आणि मुलगी बघायला आल्यासारखी चौकशी चालवली होती. वीज किती वेळा जाते, गोडं पाणी कुठून आणता, जमिनीवर कोणाचा दावा आहे. भारताच्या बाजूने वरसाव्याची ही खाडीकाठची जागा पुढे केली होती. सहा वर्षं दुसऱ्यांच्या अहवालांत आकडे भरल्यावर पहिल्यांदाच एका अहवालावर निकेतचं नाव येणार होतं. एकच रकाना उरला होता: उधाणाच्या दिवशी पाणी कुठवर चढतं?

बंदरातलं भरतीचं कोष्टक या वळणावळणांच्या खाडीला लागू पडत नाही, प्रत्यक्ष मोजून आण, असं ऑफिसातल्या त्याच्या वरिष्ठ पूर्वीने बजावलं होतं. मोजायचा दिवस निकेतने वडिलांना विचारला. चाळीस वर्षं मिठागरात मुकादमकी केलेला बाप घरात असताना फोनवर कोष्टक कोण बघतो? अण्णा म्हणाले होते, "मंगलवारी ये. पुनव हाय. बाराला पानी बांधाला लागंल."

फोन वाजला. पलीकडे पूर्वी होती.

"निकेत, यार, साडेतीन मीटर? सॉलिड! व्हिएतनामला पुराच्या रकान्यात पाचपैकी दोन मिळालेत. आपण जिंकतोय. पाच वाजता त्यांचा कॉल आहे, तू पण जॉइन हो."

"होतो ना!" निकेत हसत म्हणाला. पण त्या आनंदाला कुठेतरी कुसळ टोचत होतं. समोर खाडीचा सगळा तळ उघडा पडला होता. चिखलात निवट्या मासोळ्या उड्या मारत होत्या. साडेबारा वाजून गेले तरी पाणी बांधाच्या जवळपासही फिरकलं नव्हतं. लहानपणी पुनवेला याच बांधावर बसून त्याने पाण्यात पाय बुडवले होते.

त्याने फोनवरचं पंचांग उघडलं. आज अष्टमी होती. भांगाचा दिवस, महिन्यातली सगळ्यात दुबळी भरती. आणि तीही संध्याकाळी सहाला. त्याने भरतीचा म्हणून पाठवलेला आकडा ओहोटीचा होता.

त्याचं डोकं सणकलं. अण्णांची तिथी चुकणं शक्यच नव्हतं. घरात कॅलेंडर टांगलेलं असायचं ते आईच्या दुधाच्या हिशेबासाठी; अण्णा सकाळी डोळे उघडायचे तेच तिथी सांगत. मग हे मुद्दाम केलं? या जागेला लागूनच घरची पावणेदोन एकर होती. डेटा सेंटर आलं की रस्ता येणार, आणि रस्ता आला की त्या खारवट तुकड्याचं सोनं होणार. जमीन कोरडी दिसावी म्हणून बापाने पोराला भांगाच्या दिवशी बोलावलं, आणि उद्या इथे पाणी शिरलं की नाव कोणाचं जाणार?

काशीनाथ धोतराचा काष्टा सोडत बांधावर येऊन बसले.

"अण्णा, आज तिथी कुठली?"

"पुनव."

"नक्की?"

"तुला मागंच सांगलं ना. पुनवच हाय. पानी जरा लेट हाय आज. येल."

निकेतने त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी शोधली. ती सापडली असती तर भांडता आलं असतं. तो दहा पावलं लांब गेला आणि त्याने आईला फोन लावला.

"आई, अण्णा मला असं फसवतील असं वाटलं नव्हतं. आज अष्टमी आहे."



"फसवत न्हाय रे ते," आई म्हणाली. "सकाली उपास धरूनशी गेलेत पुनवेचा. ह्या म्हैन्यातली ही तिसरी पुनव हाय त्यांची."

"म्हणजे?"

"दोन म्हैने झाले, असंच चाललंय. मी पन उपासाचं करून देते, काय बोलत न्हाय. तुजं येवढं मोठं काम चाललंय, म्हटलं ते होऊ दे, मंग सांगू."

काही क्षणांपूर्वी ज्या लबाडीची निकेतला चीड आली होती, ती आता असती तर किती बरं झालं असतं! त्याने पूर्वीला फोन केला.

"पूर्वी, तो आकडा काढून टाक. मी दिवस चुकलो. पुढच्या पौर्णिमेला परत मोजतो."

"वेडा आहेस का? ते आठवडाभर थांबणार नाहीत. रकाना रिकामा राहिला तर शून्य पडेल. आणि कोण येणार आहे रे तपासायला?"

"शून्य पडू दे."

"कारण काय लिहू?"

"माझी चूक लिही. फक्त माझी."

तिने फोन ठेवला.

तो बांधावर परत आला तेव्हा काशीनाथ खाडीकडे टक लावून बसले होते. त्यांच्या शेजारी बसून त्याने डबा उघडला. आईने साबुदाण्याची खिचडी दिली होती.

"खाऊन घ्या, अण्णा."

"नको. चांद दिसल्यावरच सोडीन. तू मशीन नको बांधू. पानी येल."

"नाही बांधत."

तीन वाजत आले. पाणी नुकतंच परतायला लागलं होतं. चिखलातून एक बोटभर ओहोळ आत सरकला तसे काशीनाथ उत्साहाने उठून उभे राहिले. मग त्यांची नजर पलीकडच्या डोंगरावर गेली आणि तिथेच थांबली. उन्हात फिकट पडलेला चंद्र वर आला होता. ते पुष्कळ वेळ त्याच्याकडे बघत राहिले. त्यांचा हात निकेतचा खांदा चाचपत आला.

"निकेत," ते अगदी हळू म्हणाले, "अर्धाच कसा रं?"

आभाळ लख्ख होतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"ढग आलाय, अण्णा," निकेत म्हणाला.