चारची घंटा

अक्कलकोट रोडवरच्या सिद्धकृपा कॉम्प्लेक्समध्ये आगीची घंटा बसवली, तेव्हा तिचं काय करायचं हे कुणालाच कळेना. आग काही रोज लागत नाही. चहा मात्र लागतो. म्हणून खालच्या टपरीवाल्या सिद्धारामनं चारच्या चहाला तीच वाजवायला सुरुवात केली. घंटा झाली की टॉवेल-चादरींचे दलाल, त्यांचे हिशेबनीस, सगळे आपापला कप घेऊन जिन्यात येत. कागदी कप सिद्धाराम ठेवत नसे. “कप तुमचा, च्या माझा,” हा त्याचा कायदा होता आणि त्या इमारतीत पाळला जाणारा तेवढाच.

तिसऱ्या मजल्यावर टोकाला चिंतामणी नाझरकरांचं ऑफिस होतं. पाटी अजून ‘विक्रीकर सल्लागार’ अशीच. विक्रीकर गेला, अशील गेले, सल्ला तेवढा शिल्लक होता. पत्नी गोदावरीबाई गेल्या आणि भावांच्या वाटणीत घरही गेलं, तेव्हा त्यांनी कपाटामागं एक खाट टाकली, स्टोव्ह ठेवला. पुण्यातल्या मुलाला, ओजसला, सांगितलं, खोली घेतलीय, हवेशीर आहे. ते खोटं नव्हतं. खिडकीची काच फुटलेली होती. दिवसा ते ऑफिस असे. संध्याकाळी खुर्चीचं तोंड भिंतीकडून खिडकीकडं केलं की झालं घर.

यंदा महापालिकेनं आगीचं मनावर घेतलं. अग्निशमन खात्याचे धम्मदीप साहेब येऊन बजावून गेले. उद्या अकराला घंटा वाजेल, सगळ्यांनी खाली यायचं. मग एकेक खोली बघणार. ऑफिसात कोणी राहताना सापडलं, तर खोलीला सील.

उद्या कुठं जावं, याचा चिंतामणींनी रात्री बराच विचार केला. एप्रिलच्या सोलापुरात अकरा वाजता जाण्यासारखं ठिकाण एकच असतं, आपलं घर. म्हणून दारावर ‘बाहेर गेले आहेत’ ही जुनी पाटी अडकवून ते आतून कडी लावून बसले.

अकराला घंटा झाली. सगळी इमारत कप घेऊन खाली गेली.

“आग लागल्यावर च्या पिणार का तुम्ही?” धम्मदीप साहेबांचा आवाज फुटक्या काचेतून नीट वर येत होता.

“घंटा वाजली की साहेब,” कोणीतरी म्हणालं.

“बरं. वर कोणी राहिलंय?”

“कोन न्हाय,” सिद्धाराम म्हणाला.

“नक्की?”

कुणी काही बोललं नाही. म्हणजे नक्की.

खोली वाचली. चिंतामणींना हायसं वाटलं. मग वाटलं, खरंच आग लागली तरी खाली एवढंच बोलणं होईल.

साहेबांनी मधल्या दारांवर टकटक केली, या दारावरची पाटी वाचली आणि पुढं गेले. दुपारभर जिन्यातली टॉवेलची गाठोडी उचलायला लावली. त्या धबडग्यात चिंतामणींचा डोळा लागला.

दिवसभर घंटेवरून बोलणी खाल्लेल्या सिद्धारामनं चारला सवयीनं तीच घंटा वाजवली. चिंतामणीही सवयीनंच उठले, कप घेतला आणि कडी काढली.

दारात धम्मदीप साहेब भिंतीवरचं आग विझवायचं नळकांडं तपासत होते. त्यांनी कप बघितला, मग पाटी, मग मागची खाट.

“काका, तुम्ही तर बाहेर गेलाय.”

“आत्ताच आलो.”

साहेबांनी दोरीवर वाळत घातलेल्या बनियनकडं पाहिलं. “बनियन आधी आली वाटतं.”

चिंतामणींनी ती दोरीवरून ओढून घेतली.

“सकाळी खरी आग असती तर? सगळे बाहेर म्हणून आम्ही खालूनच पाणी मारलं असतं. वर कोणी आलंच नसतं.”

तेवढ्यात सिद्धाराम किटली घेऊन वर आला. खाट बघून त्याला जरासुद्धा नवल वाटलं नाही. “मला ठाव हुतं साहेब. रोज सांजच्याला अर्धा लिटर दूध नेत्यात. हापिसात कुणाला लागतंय? खोली जाईल म्हनून गप ऱ्हायलो.”

“आणि खरी आग असती तर?”

“तवा सांगितलं असतं की.” तो चिंतामणींचा कप भरायला लागला. अर्ध्यावर थांबला. “ध्यानात आलं असतं, तर.”

साहेबांनी स्टोव्ह उचलून बरोबरच्या शिपायाकडं दिला आणि नोटीस लिहायला घेतली. “सील आज लावत नाही. आठ दिवस देतो. मुलगा-मुलगी असेल, त्यांना फोन करा.”

“करतो.”

“राहण्याचा पत्ता?”

“हाच.”

साहेबांचं पेन थांबलं. मग त्यांनी तो लिहिला.

सगळे गेल्यावर चिंतामणींनी दारावरची नोटीस वाचली. श्री. चिंतामणी नाझरकर, राहणार सिद्धकृपा कॉम्प्लेक्स, तिसरा मजला, यांनी सदर ठिकाणी राहणे बंद करावे. ते इथं राहतात, हे इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी लिहून दिलं होतं. तेही शिक्क्यासह.

उन्हानं नोटिशीचा एक कोपरा सुटला होता. त्यांनी आतून डिंक आणला आणि तो नीट चिकटवला. ‘बाहेर गेले आहेत’ची पाटी मात्र काढून खणात ठेवली. आठ दिवसांनी ती लागणार होती.