फाटकी बाजू वर

पौषातलं ऊन. सोनसळी, साजूक, सभ्य दिसणारं ऊन. सीना नदीच्या वाळूवर ते पसरलं, बाभळीच्या काट्याकाट्यावर चमकलं, ज्वारीच्या कोवळ्या कणसांत दूध होऊन भरलं. बांधावरचा पळस तेवढा काळा, पर्णहीन, तोंड मिटून उभा. ऊन सगळ्यांवर सारखं पडतं म्हणे. साफ खोटं आहे ते. चार भिंतींच्या आत काय चालतं ते या उन्हाला कधी दिसलं नाही, आणि दिसलं असेल तर त्याने कधी सांगितलं नाही.

त्या उन्हात सोजरबाईच्या अंगणात एक गाठोडं येऊन पडलं.

गाठोडं लेकीच्या सासरहून आलेलं. लेक बकुळा, एकुलती, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. दिवस भरत आलेले, पोट पुढे, नजर खाली, ओठ मिटलेले. सासरच्यांनी सुनेच्या वापरलेल्या, विरलेल्या साड्या पाठवायच्या आणि माहेरच्या बाईने त्यांची गोधडी शिवायची, ही त्या पट्ट्यातली रीत. जन्मल्या जीवाला आईच्या अंगाची ऊब आणि आईच्या अंगाचा वास एकदमच मिळावा म्हणून.

रीत गोड आहे. पुढचं ऐका. गोधडीचा एक कोपरा उघडा ठेवायचा. बारशाच्या मांडवात चार बायकांनी चार कोपरे धरून गोधडी सगळ्यांसमोर उलगडायची आणि तो उघडा कोपरा सासूने शिवून बंद करायचा. ज्या घरच्या हाताने शेवटचा टाका पडेल त्या घरची गोधडी. गोधडीमागे बाळ, बाळामागे आई. आणि आणखी एक, सगळ्यांत जुनी, सगळ्यांत मुकाट पाळली जाणारी गोष्ट: साडीचा फाटका भाग गोधडीच्या पोटात घालायचा, धड भाग वर घ्यायचा. हे कुणी शिकवत नाही. चालायला लागावं तसं पोरी हे आपोआप शिकतात.

सोजरबाई तीस वर्षं गोधड्या शिवत आलेली. नवरा गेल्यावर याच सुईने तिने लेक वाढवली, याच सुईने लेकीचं लग्न केलं. गावातली निम्मी बाळं तिच्या टाक्यांवर झोपून मोठी झाली. कापड तिच्याशी बोलतं. निऱ्यांचा काठ झिजलेला असला की बाई फार चालते. गुडघ्यावर विरलेली असली की पाटा-वरवंट्याशी बसते. पदराला पिवळा डाग असला की हात पुसायला दुसरं फडकं मिळत नाही. बाई तोंडाने काहीही सांगो, साडी खरं सांगते.

विहीण प्रयागबाई हेच विसरली. की तिच्या ध्यानातच आलं नाही? फडताळातल्या साड्या ओढल्या, गाठ मारली, दिल्या पाठवून. चिंध्याच तर आहेत, असं तिला वाटलं असणार. तिच्या घराने सगळं झाकलं, दारं लावली, आवाज दाबले, आणि शेवटी आपल्याच हाताने गाठोडं बांधून ते नेमकं सोजरबाईच्या उंबऱ्यावर आणून टाकलं.

सोजरबाईने गाठ सोडली. हिरवी साडी. मेंदीहिरवी, मोरपिशी काठाची, पंचमीला तिनेच घेतलेली. खांद्यापाशी तिचं बोट थांबलं. जिथे बाई पदराला पिन लावते, तिथून साडी फाटलेली. वीतभर, सरळ, आडवी.

"ही गं कशानं?"

"खिळ्याला अडकली, आये."

खिळ्याला अडकली की कापड काटकोनात फाटून खोंबारा पडतो, हे तीस वर्षांच्या बोटांना सांगावं लागत नाही. पिन लावलेला पदर कुणी मुठीत धरून मागे ओढला की साडी अशी फाटते. सोजरबाईने दुसरी घडी मोडली.

जांभळी साडी. वांगी रंगाची, चकचकीत, नकली रेशमाची. मांडीच्या उंचीवर सात भोकं. वाटोळी, सारखी, एका ओळीत. कडा वितळून कडक झालेल्या, बोटाला टोचणाऱ्या.

"चुलीची ठिणगी उडाली," बकुळा न विचारताच म्हणाली.

ठिणगी कधी ओळ धरून उडते का? ठिणगीला कधी बिडीएवढं तोंड असतं का? अंगणात ऊन होतं, कोंबड्या होत्या, दूर कुणाच्या तरी मळ्यात मोटर चालू होती. सगळं जिथल्या तिथे. सोजरबाईला वाटलं, निदान एखादं भांडं तरी पडावं. काहीच पडलं नाही.

तिसरी साडी हळदीची. पिवळीधमक, मांगल्याची, अंगाला हळद लागली तेव्हा नेसवलेली. ही मात्र धड दिसली. सोजरबाईने सुस्कारा सोडला, साडी उन्हापुढे धरली, आणि उन्हाने पहिल्यांदाच काहीतरी दाखवलं. पाठीच्या जागी, कमरेच्या वर, बारीक जाळी. रफू. धाग्याला धागा जुळवून, उभ्यात आडवा ओवून, कुणाला दिसू नये, कळू नये, संशयही येऊ नये अशा बेताने केलेला. त्याच्याभोवती धुऊन धुऊन विटकरी झालेला डाग.

तो टाका तिचाच होता. बकुळा नऊ वर्षांची असताना याच अंगणात मांडीवर बसवून तिने शिकवलेला. "असा घालायचा, की फाटलंवतं हे नवऱ्याला बी कळू नये." तेव्हा दोघी हसल्या होत्या.

आता राग आला. उशिरा आला, पण आला तो पायाच्या नखापासून आला. जावयाचा आला, विहिणीचा आला, त्या गप्प उन्हाचाही आला. पण सगळ्यांत जहरी, सगळ्यांत जळजळीत राग तिला आपल्या हाताचा आला. आपण पोरीला शिवायला शिकवलं, असं ती गावभर सांगायची. आपण तिला लपवायला शिकवलं. आपल्या आईने आपल्याला तेच शिकवलं. नवरा होता तोवर तिच्या स्वतःच्या साड्याही पोटात काय काय घेऊन गोधडीत गेल्या होत्या, आणि त्या गोधड्यांवर हीच बकुळा झोपली होती.

सोजरबाईने कात्रीच्या टोकाने रफू उसवला. एकेक धागा. कट्. कट्. कट्. बकुळा दोन्ही हात पोटावर घेऊन बघत राहिली. जखम उघडी पडली तेव्हा तिने मान फिरवली.

दुसऱ्या दिवशी गोधडी मांडली. तळाला सोजरबाईचं जुनं लुगडं, मधे थरावर थर, आणि वर फाटकी बाजू. हिरवा चिरा वर. जांभळी भोकं वर. पिवळ्यावरचा तो डाग वर, अगदी मधोमध. दोरा तिने लाल निवडला. कुंकवाचा लाल नव्हे, त्याला फार मान मिळाला. हा कापलेल्या बोटाचा लाल. फाटलेल्या प्रत्येक कडेभोवती लाल टाका, त्याभोवती दुसरा, त्याभोवती तिसरा. पाण्यात खडा पडावा तशी वलयं पसरत गेली आणि सुई थांबेना.

शेजारची ठकूबाई दोरे भरायला आली. सत्तरीची, पाठीत वाकलेली, सगळ्या गावाच्या रीती तोंडपाठ असलेली. गोधडी बघून ती उंबऱ्यातच थबकली.

"सोजरे, फाटकं पोटात घाल बाई. लेकीला नांदायचं हाय."

"नांदलीच की. बघा ना, कशी नांदली ती."

ठकूबाई खाली बसली, सुईत दोरा ओवला, आणि हिरव्या चिऱ्यापाशी पहिला टाका घातला.

माघाच्या सुरुवातीला बकुळाला मुलगी झाली. काळंभोर जावळ, मुठी आवळलेल्या, आवाज खणखणीत. सासरहून निरोप आला: सुगी तोंडावर आहे, काढणीला हात कमी आहेत, सव्वा महिना थांबणं जमायचं नाही. बारसं झालं की त्याच दिवशी घेऊन जाऊ.

हात कमी आहेत! बाराव्या दिवशीच्या ओल्या बाळंतिणीचे हात त्यांना हवे होते. निरोप ऐकून बकुळा एवढंच म्हणाली, "आये, वरच्या अंगाला नगं घालूस ते. लोकं बघतील."

"बघू दे. म्या काय बोलणार न्हाई. जायचं का ऱ्हायचं, ते तुझं तू ठरव. पर झाकून देणार न्हाई."

बारशाची सकाळ. दारात जीप, मांडवात पाळणा, परातीत घुगऱ्या. लिंबाच्या डहाळ्या, झेंडूच्या माळा, हळदीकुंकवाची ताटं. प्रयागबाई भरजरी पदर घेऊन पाळण्याशेजारी बसलेली. तिचा लेक जालिंदर, बकुळाचा नवरा, पांढऱ्या शर्टात, अत्तर लावून, खुर्चीत पाय पसरून. नाव ठेवलं गेलं. ओव्या झाल्या. घुगऱ्या वाटल्या.

मग चौघींनी गोधडी उलगडली.

बायकांना काही समजावून सांगावं लागलं नाही. तिथली प्रत्येक बाई गोधडी शिवत आलेली. पिनेपासूनचा चिरा त्यांनी वाचला. सात भोकं त्यांनी वाचली. पाठीवरचा डाग वाचताना एकीने तोंडावर पदर घेतला. घुगऱ्यांची मूठ कुणाच्या तोंडापर्यंत गेली नाही.

आणि त्या शांततेत जालिंदर हसून म्हणाला, "वा मामी! नक्षी लई भारी काढलीया. लाल रंग उठून दिसतोय."

स्वतःचीच बिडी, स्वतःचीच मूठ, स्वतःच्याच हाताचं काम समोर पसरलेलं, आणि त्याला ते ओळखू आलं नाही. त्याला फुलं दिसली. राग येतो तो इथे. मारणाऱ्याच्या लक्षातही राहू नये, इतकं ते त्याला रोजचं.

सोजरबाईने सुई विहिणीपुढे धरली. लाल दोरा ओवलेली, कोपरा उघडा. प्रयागबाईने सुई घेतली. तिला मात्र सगळं दिसलं होतं. तिची नजर हिरव्या चिऱ्यावर अडकली आणि तिचा डावा हात, तिच्याही नकळत, आपल्या खांद्यावर गेला, पिनेच्या जागी. तिथे तो क्षणभर राहिला. तेवढंच. मग तिने पदर घट्ट ओढून घेतला.

"इहीणबाई, उलटी करा ती. चारचौघांत असं मांडत्यात व्हय?"

"आजवर उलटीच घालत आलो आपण," सोजरबाई म्हणाली. "ही सुलटी हाय."

प्रयागबाईची सुई कोपऱ्याकडे वळली. एक टाका. फक्त एक टाका, की गोधडी तिची, नात तिची, काढणीचे दोन हात तिचे. सुईचं टोक कापडात शिरणार, तोच बकुळा पाळण्याशेजारून उठली. बाराव्या दिवसाची, फिकट, डोक्याला फडकं बांधलेली.

"आत्याबाई, द्या हिकडं."

म्हणता म्हणताच तिने सुई काढून घेतली. मग हिरव्या चिऱ्यावर बोट ठेवलं. "ही पंचमीची. माहेरी जाऊ का म्हणून इचारलंवतं." बोट जांभळ्यावर सरकलं, एकेका भोकात थांबत गेलं. "ही सात, आमटी खारट झाली त्या दिवसाची." शेवटी पिवळ्यावर आलं आणि आवाज फाटला, पण थांबला नाही. "आन् ही चोरओटीची. वटी भरणारी म्हणाली, पोट बघता पोरगीच हाय. त्या सांजंची. पाचवा म्हैना हुता मला."

आता जालिंदरला नक्षी कळली. तो उठला, खुर्ची मागे पडली. "चल. घरी चल, मग बघतो तुला." दोन पावलं तो पुढे आला.

चौघींनी गोधडी खाली ठेवली नाही. वर उचलली. छातीपर्यंत, मग डोळ्यांपर्यंत. तो एका बाजूला, बकुळा दुसऱ्या बाजूला, आणि मधे त्याने फाडलेलं सगळं ताठ उभं. एक कोपरा ठकूबाईच्या हातात होता. नांदायचं हाय म्हणणारी ठकूबाई, पाठीत वाकलेली ठकूबाई, टाचा उचलून उभी राहिली आणि तिने कोपरा सोडला नाही. मागच्या बायका एकेक करून उठल्या. परातीतल्या घुगऱ्या तशाच राहिल्या.

गोधडी जराही हलली नाही. मग तो वळला. प्रयागबाई त्याच्यामागे निघाली, मांडवाच्या दाराशी एकदा थांबली, नातीकडे बघितलं, आणि गेली. जीपचा धुरळा वेशीपर्यंत दिसत राहिला.

बकुळा मांडी घालून बसली. उघडा कोपरा तिने मांडीवर घेतला. लपवटाका नाही, रफू नाही. ठळक, लांब, लाल टाका. एक. मग गाठ. मग मान वाकवून तिने दोरा दातांनी तोडला, आणि तो तुटल्याचा आवाज मांडवात सगळ्यांना ऐकू आला.

गोधडी रात्री बाळाच्या अंगावर असते. दिवसा ती सोजरबाईच्या दगडी कुंपणावर पडते, रस्त्याकडे तोंड करून, फाटकी बाजू वर. पाणी आणणाऱ्या बायका तिथे थांबतात. डोईवरचा हंडा खाली ठेवतात. वाचतात. कुणी जाताना आपल्या खांद्यावरचा पदर चाचपते, कुणी घरी जाऊन फडताळ उघडते. परवा एकीने आपली साडी आणून दिली, घडी न मोडता, मान वर न करता. सोजरबाईने लाल दोरा ओवला.

फाल्गुन आला. बांधावरचा मुका पळस पेटला, लाललाल झाला. फाल्गुन गेला. पळस झडला, फुलं मातीत मिळाली, माती वाऱ्यावर गेली. कुंपणावर ऊन आलं, ऊन गेलं, पुन्हा आलं. गोधडीचा लाल उतरला नाही.